कुणाची जिरली?

२७ फेब्रुवारी

बसली एकदाची! कोलॅजनची शीट — आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पायाच्या अंगठ्याखालच्या जखमेवर. शुगरची जखम, तीन महिने झाले, भरायचं नाव नाही. नगरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता भरली नाही तर अंगठा काढावा लागेल.

शीट म्हणजे दुधावरच्या सायीएवढी पातळ. माशाच्या कातडीपासून करतात म्हणे. काढायची नाही, आपोआप जिरते. पण सावकाश, दहा-पंधरा दिवसांनी — म्हणजे तेवढ्यात तिच्या आधारानं आपलं मांस धरतं.

आत्यांनी भर दवाखान्यात विचारलं, "कुनाची जिरली?" मी ओढणी तोंडाला लावली. डॉक्टर मात्र खदखदून हसले.

येताना एसटीत म्हणाल्या, "पाय भिजवू नका म्हनला. माशाची हाय, मंग पान्याला कशाला भ्यायचं?" लंकाबाई म्हणजे लंकाबाई.

२८ फेब्रुवारी

हे टेम्पो घेऊन सुरतला गेले, आठ दिवस येत नाहीत. कांद्याला पाणी कोण देणार? आत्या म्हणाल्या, शेजारच्या आसारामला सांगितलंय. चला, मिटलं. नर्सिंगच्या प्रवेशाचा पेपर २२ मार्चला आहे आणि माझी अजून हाडांची नावं पाठ नाहीत.

"तू जा आभ्यासिकेत. मी काय तान्ही हाय का?" — रोज सकाळी मला हाकलूनच देतात.

२ मार्च

अभ्यासिकेत पंखा बंद. हाडं संपली, आता स्नायू.

४ मार्च

पट्टी सोडली तर शीटच नाही! पाच दिवसांत गायब. वरून वास येतोय. माझं डोकंच फिरलं. ओढून काढली ना, खरं सांगा म्हटलं. मग खाली बघत म्हणाल्या, "व्हय, मीच काढली. लई खाजत हुतं."

लई बोलले मी. लहान पोरसुद्धा ऐकतं म्हटलं. तुमच्या पायापायी माझा पेपर बुडणार, असंसुद्धा म्हटलं. म्हणायला नको होतं. पण आला राग तर आला.

जेवताना त्यांनी मला भाजी वाढली, मी खाल्ली.

५ मार्च

पुन्हा नगर. डॉक्टरांनी जखम धुतली, म्हणाले ही ओढून काढलेली नाही. ओल लागली, जंतू झाले, आणि जंतूंनीच शीट खाल्ली — खाली मांस धरायच्या आत. चार दिवस औषध, मग दुसरी शीट. ती पण अशीच गेली तर अंगठा गेला.

आत्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसल्या. काढली नाही, तर काढली का म्हणाल्या? विचारलं. "मला कळंना झालं काय झालं ते," एवढंच.

९ मार्च

दुसरी शीट बसली. हे घरी आलेत, शेताचं तेच बघतात. मी अभ्यासिका बंद केली, खाटेशेजारीच पुस्तक घेऊन बसते.

"माजी राखन करती का काय?"

"करते."

१५ मार्च

शीट आहे! कडेनं पातळ झालीय. वास नाही. सावकाश जिरू दे बाई, घाई नको.

२१ मार्च

जिरली. नगरच्या दवाखान्यात पट्टी सोडली — बाराव्या दिवशी, अगदी रीतसर. खाली लालबुंद मांस. वर कातडी यायला महिना लागेल, पण अंगठा वाचला! मला तिथंच रडू आलं. आत्या बाहेर येऊन रांगेतल्या बायांना सांगत होत्या, "जिरली बरं का माजी."

उद्या पेपर.

२२ मार्च

पेपर देऊन आले. चांगला गेला.

येताना आमच्या कोल्हारच्या स्टँडवर आसारामभाऊ भेटले. म्हटलं, तेव्हा आठवडाभर कांद्याला पाणी दिलंत, उपकार झाले.

"मी? मला कोन बोललं? लंकाबाईच पायाला पिशवी बांधून कांद्याच्या पान्याची दारं धरीत हुत्या, चिखलात. म्हनल्या, सून आभ्यासाला गेलीया, तिला सांगू नको."

घरी आले तर आत्या दारातच. पेपर कसा गेला?

मी त्यांच्या पायाकडे बघितलं. म्हटलं, "माझी जिरली, आत्या."

"आसू दे," म्हणाल्या. "पुढच्या साली परत दे."