शब्दामागे एक दिवस

बाबा, तुम्ही माझं घ्यायचात तसंच श्रुतलेखन मी आता माझ्या मुलीचं घेते. मी एकवचन सांगायचं, तिने इंग्रजी अनेकवचन स्पेलिंगसकट लिहायचं. आठ वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत.

सुदामा नगरच्या घरात तुम्ही शाळेत शिकवून आलात की स्वयंपाकघरातच बसायचात. आई पोळ्या लाटत असायची आणि मी ओट्याला टेकून वही उघडायचे. लीफ, नाइफ, पोटॅटो. तुम्ही कधी हात उगारला नाहीत, आवाजसुद्धा चढवला नाहीत. चुकलेल्या शब्दाभोवती लाल गोल काढायचात आणि जितके गोल तितके दिवस माझ्याशी अबोला. एकदा पाच झाले. तुम्ही माझ्यासमोर बसून जेवताय आणि आईला सांगताय, "तिला विचार, भाजी हवी का." आई माझ्या कानाशी म्हणते, "नाराज आहेत बेटा, चुपचाप खाऊन घे." सहाव्या दिवशी सकाळी तुम्ही "टॉवेल आण गं" म्हणालात आणि मी इतकी खूश झाले, की धावताना उंबऱ्याला ठेचकाळून पडले. त्या आनंदाचा मला अजून राग येतो.

इंग्रजी मात्र पक्कं झालं, हे नाकारत नाही. विजय नगरच्या आमच्या ऑफिसात अर्धे लोक "मॅडम, मेल एक बार देख लो ना" म्हणत माझ्या टेबलाशी उभे असतात.

दोनेक आठवड्यांपूर्वी लेकीचे तीन शब्द चुकले. मी ठरवलं नव्हतं, बाबा, खरंच नव्हतं. तोंड आपोआप मिटलं. नवरा म्हणाला, "अरे यार, बच्ची आहे ती, बोल ना तिच्याशी." पहिल्या दिवशी ती माझ्या मागेमागे फिरली, रडली. दुसऱ्या दिवशी थांबली. चौथ्या दिवशी मी तिच्या आवडीचे पोहे केले, वर शेव घातली आणि हाक मारली. तिने पोहे खाल्ले, बशी सिंकमध्ये ठेवली आणि निघून गेली.

त्याला आज नववा दिवस. पापाशी बोलते, हसते, शाळेतून तक्रार नाही. मी खोलीत गेले की गप्प होते. चेहऱ्यावर राग नसतो, तुमच्या चेहऱ्यावर नसायचा तसाच. काल मी दाराआड उभी राहून नवऱ्याला कारण विचारायला लावलं. ती चित्र रंगवत होती, मान वर न करता म्हणाली, "मम्मीचे अभी दिन बाकी आहेत."

"किती?"

"ते नाही सांगणार."

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. शेवटच्या दुखण्यात तुम्ही दुपारी मला दोनदा हाक मारलीत. मी बाहेर नळावर होते, पाणी सुरू होतं, असं मी सगळ्यांना सांगितलं. नळ बंद होता, बाबा. मी तुमच्या दाराबाहेरच उभी होते.