तोंडाला तोंड लावलेली दोन मडकी

प्रिय ताई,

रविवारपासून हे पत्र मनातल्या मनात लिहितोय आणि खोडतोय. फोन केला असता, पण फोनवर माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. अवघड काही आलं की मी विनोद करतो, तू हसतेस आणि विषय तिथेच राहतो. या वेळी तर विनोदानंच घात केला. लाज वाटतेय गं. तुला तोंड दाखवायची सोय राहिली नाही, म्हणून हा कागद.

दर रविवारी आम्ही लोकांना आमचं उत्खनन दाखवतो, त्या गर्दीत या वेळी तू आणि भाऊजी पहिल्यांदाच आलात. मला वाटलं, आपला भाऊ नुसती माती चिवडत नाही हे एकदा ताईला कळू दे. मग काय, अंगात आलं माझ्या. थापी कशी धरायची, मातीच्या रंगावरून थर कसे ओळखायचे, दोन चरांमधली भिंत मुद्दाम न खोदता का ठेवायची, सगळं ऐकवलं. घसा कोरडा पडेल म्हणून तू मध्येच पाण्याची बाटली पुढे केलीस. मी ती रिकामी केली आणि पुन्हा सुरू झालो.

मग आपण खोदकामात सापडलेल्या पुरातन घराच्या जमिनीपाशी आलो. चुलीशेजारी, जमिनीखाली, दोन मडकी आडवी पुरलेली, तोंडाला तोंड लावून, आणि आत तान्ह्या बाळाची हाडं. मोठ्या माणसांना वस्तीबाहेर पुरायचे, बाळांना मात्र घरातच, हे मी सांगितलं. सोबत ठेवलेला शंखाचा मणी आणि इवलीशी वाटी दाखवली. इथवर ठीक होतं. पुढे मात्र दर रविवारचा माझा ठेवणीतला विनोद आला, की या घरातला हा एकच भाडेकरू, ज्यानं कधी जागा सोडली नाही. लोक हसले. गर्दीतल्या एका बाईंनी विचारलं, आयांना कसं सहन होत असेल? मी मोठा शहाणा ना, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणालो, "तेव्हा पोरं इतकी दगावायची, की बायकांना सवयच झाली असणार."

भाऊजींनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तरीही मी थांबलो नाही. थांबलो असतो तर सगळ्यांदेखत चूक कबूल केल्यासारखं झालं असतं. घाईघाईनं हत्यारांच्या पेटीकडे वळलो आणि हाडांभोवतीची माती काढायला आम्ही दातांच्या डॉक्टरांच्या सुया वापरतो, हे रंगवून सांगत बसलो. शेण खाल्लं ते खाल्लं, वर मिशीला पीळ.

मंगळवारी ती मडकी उचलायची होती, म्हणून वरची जमीन उभी कापली. बाकी घरात लिंपणाचे थर पातळ आहेत. मडक्यांच्या वर तेवढे जाड, एकावर एक. म्हणजे बाळाला पुरल्यावर कितीतरी वर्षं कुणीतरी नेमक्या त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा माती लिंपत होतं. एका थरात बोटं फिरलेली दिसतात, बारीक बोटं. सवय झालेलं माणूस असं करत नाही. मी तिथे बराच वेळ उकिडवा बसून होतो. आमच्या फोटोवाल्यानं दोनदा हाक मारली, तरी उठवेना.

पण एवढंच सांगायला लिहीत नाहीये. लोक पांगल्यावर तू जवळ आलीस आणि हळूच विचारलंस, "ते कुशीवर आहे की पाठीवर?" मी अगदी तज्ज्ञासारखं सांगितलं, हाडं सरकली आहेत, तपासणी झाल्यावर कळेल. तू मान हलवलीस आणि गाडीत जाऊन बसलीस. ताई, तू मडक्यातल्या बाळाचं विचारत नव्हतीस, हे मला मंगळवारी त्या मातीत बसल्यावर कळलं. तुझ्या लेकीला पुरलं तेव्हा तू दवाखान्यात बेशुद्ध होतीस. तुझ्यासमोर पुन्हा विषय नको, असं मोठ्यांनी ठरवलं. तू कधी विचारलं नाहीस, आणि तुला ते नकोच असेल असं धरून आम्ही सगळे मोकळे झालो. बाबांबरोबर मी गेलो होतो. खड्ड्यात त्यांना उतरवेना, म्हणून मी उतरलो. तिला उजव्या कुशीवर ठेवलं. एक हात गालाखाली घेतला होता तिनं, तो तसाच राहू दिला. तू विणलेलं पिवळं टोपडं घातलं होतं, आणि त्याच्या बाहेर येणारे केस तुझ्यासारखेच कुरळे होते. जागा मला पक्की माहीत आहे. तू म्हणशील त्या दिवशी गाडी घेऊन येतो. वाटेत मी एक शब्दही बोलणार नाही.

तुझाच,
धाकटा