चार भावांचे चार वूफर

दारव्हा
फेब्रुवारी २००६

प्रिय बबलू,

फोन लावला की तू कापतं, म्हणून हे पत्र. पोस्टमनले तर कापता येत नाही नं! बोरी अरबच्या बाजारातून येणारा हरेक माणूस मले विचारून राह्यला, काहून गफ्फारभाई, बबलूची जीप जाळली म्हणे तुम्ही? जीप जळली नाही बाप्पा, आतला ॲम्प्लिफायर जळला. आन तो मी जाळला नाही. सांगून सांगून तोंड दुखलं, आन डोकं फिरून गेलं माझं.

कापूस मातीमोल झाला त्याच साली तुम्ही चौघा भावांनी सवारीसाठी जीप घेतली, चांगलंच केलं. कॉलेजची पोट्टी गाणं ऐकून जीप निवडतात, म्हणून तू म्हणाला, गफ्फार, असा बास दे की सीट हालली पाह्यजे. आता वूफर किती घ्यावे? तर भाऊ चार म्हणून वूफर चार! भावसिंगभाऊचा एक, भीमसिंगचा एक, रामसिंगचा एक, तुझा एक. अरे, ताटातल्या पुऱ्या आहेत का त्या? तरी मी बसवले.

तुमचा ॲम्प चार ओहमचा. ओहम म्हणजे करंटले होणारी अडवण. प्रत्येक वूफरची अडवण चार. दोन वूफर सिरीजमध्ये, एकामागं एक जोडले की आठ होते. अशा दोन जोड्या बाजूबाजूनं लावल्या की परत चार, ॲम्प खूश. पण चारही वूफर सरळ बाजूबाजूनं लावले तर अडवण राह्यते फक्त एक. मग ॲम्पवर झेपणार नाही इतका करंट येते, थोडा वेळ मस्त धडधडते आन धूर सोडते. चौघाले चहा पाजून हे समजावलं. चहा पिऊन भीमसिंग काय विचारते? जोडीत पहिला कोणाचा? मोठ्या भाऊच्या मागं माझा लावला तर मले उरलासुरला करंट भेटन! म्हटलं, दोघातून करंट सारखाच जाते, ही काय पंगत आहे का, पुढच्याले बुंदी आन मागच्याले झाऱ्याची खरवड? पण ऐकते कोण! एकेक भाऊ एकटा येऊन कानात सांगून गेला, माझावाला पुढं घेजो. रामसिंग तर माझ्या मायजवळ, रहमतबीजवळ, पिशवीभर बोरं ठेवून गेला. लाच! आन तीही बोरांची!

मग मारेगावची वरात, तुमच्याच जीपमधून. बायका नाचून राह्यल्या आन नवरदेवाच्या सीटखालून धूर. हसं तुमचं झालं, पण नाव माझं गेलं. तुमच्या तांड्यात नसाब बसली, पंच जमले, आन भावसिंगभाऊ म्हणाला, गफ्फारनं डुप्लिकेट माल देला. तू तिथंच बसून होता, मूग गिळून. माझ्या दुकानात सामान किती? नावावरच चालते नं ते! काल एक ट्रॅक्टरवाला टेप घेऊन आला, पाटी वाचली आन समोरच्या दुकानात गेला. लय लागलं मले.

माझी जोडणी कोणीतरी बदलली, असा निरोप मी तांड्यात धाडला, तर त्यानं उलटंच झालं. आता भीमसिंग-रामसिंग म्हणतात का भावसिंगभाऊनंच बदलली. घरात चुली वेगळ्या व्हायची, जीप विकाची गोष्ट निघाली. आन तुमच्या तांड्यातून बाजाराले आलेल्या रामीबाईच्या हाती तुझा निरोप येते, सोमवारच्या नसाबेत येऊन म्हण की चूक माझीच होती, म्हणजे आमचं घर वाचते. वा रे दोस्त! माझी माय म्हणे, घेऊन टाक बेटा, कोणाचं तर घर वाचन. आन खरं सांगतो, घेतली असती मी.

पण आज सकाळी भावसिंगभाऊ स्वतः जीप घेऊन दुकानी आला, मान खाली घालून. म्हणे, तूच पाहा. मी सीट उचलली. चारही वूफर बाजूबाजूनं लावलेले. तारेची टोकं दुमडून, एकमेकात अडकवून मग पिळलेली. असा जोड मी मारतो, आन मी ज्याले या दुकानात बसवून शिकवला तो मारते. जोडावरची चिकटपट्टी उलटी गुंडाळलेली, डावखुऱ्या हाताची. तुझ्या घरात दुसरा डावखुरा कोण आहे बे? तुझा वूफर शेवटी होता, मले माहीत आहे; बाजूबाजूनं लावले की मागं कोणीच राह्यत नाही. धाकट्याले घरात सगळंच शेवटी भेटते, तेही मी पाह्यलं आहे. पण माझ्यावर आळ आला तू चूप, मोठ्या भावावर आला तरी चूप, आन वरून मलेच म्हणतं चूक घे! भावसिंगभाऊले मी काही सांगितलं नाही. सोमवारी येतो, तुझ्या बाजूले बसतो. तू उठून खरं बोलला, तर तुझ्यासाठी पंचांचे पाय धरीन. नाही बोलला, तर उठून म्हणीन की चूक माझीच. तुमचं घर वाचन. मग माझ्या दुकानाची पायरी चढू नको.

सोमवारपर्यंत तरी तुझाच,
गफ्फार