दोघींत एक मशीन

२ सप्टें.

कंपनीचं उत्तर आलं. इतके दिवस वाट पाहायला लावून चार ओळी. रेवाच्या कानामागच्या मशीनचं मॉडेल 'सेवेतून निवृत्त' झालेलं आहे. सुटे भाग नाहीत, दुरुस्ती नाही, कृपया नवीन मॉडेलचा विचार करावा. खाली बागेत बसून हसणाऱ्या आजी-आजोबांचा फोटो.

मशीन निवृत्त झालं. पोरगी सोळा वर्षांची आहे, अकरावीत. चौथ्या वर्षी ऐकू यावं म्हणून कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, कवटीत बसवलेला भाग जन्मभर टिकेल. टिकेलच तो. फक्त त्याच्याशी बोलणारं हे बाहेरचं मशीन आता जगात कुठं मिळणार नाही. दुसऱ्या कंपनीचं चालत नाही. याच कंपनीचं नवीन चालतं, पण त्याची किंमत ऐकून रेवाची आई वर्षा हसली होती. सरकारी योजनेत एकदाच मिळतं, ते आपण घेऊन बसलोय.

वर्षाला मेल वाचून दाखवला. "म्हंजे आता काय करायचं?" ती म्हणाली. मी मेल परत वरून वाचायला घेतला.

५ सप्टें.

फिजिक्सच्या तासाला मशीन पुन्हा बंद पडलं. रेवा ओठ वाचते, पण सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात, तिथं पाठ काय वाचणार? घरी येऊन दप्तर फेकलं. मशीन तांदळाच्या डब्यात ठेवलं, थोडं चाललं. मंग परत खरखर, परत बंद.

मशीनपासून डोक्याला चिकटणाऱ्या मॅग्नेटपर्यंत जाणारी वायर बदलून पाहायला दुसरी वायर नाही. मीटरने तपासली, वायर ठीक आहे. म्हणजे बिघाड मशीनच्या डबीत. वायर गेली असती तर मी जोडली असती. माझ्या हाताला जमण्यासारखं एवढंच होतं, नेमकं तेच धड आहे.

९ सप्टें.

उघडलं. आत सगळं काळ्या डिंकात बुडवलेलं. एकाही चिपवर नंबर नाही, खरवडून काढलेत. कोणी पाहू नये म्हणून पैसे खर्चून कोणीतरी हे केलंय.

फोनच्या चार्जरला एकच पिन असावी म्हणून तिकडे युरोपात कायदा झाला. तेव्हा मी ऑफिसात फक्त पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. आपली बाजू जिंकली म्हणून हिंडत होतो. चार्जरला. लोकांच्या गाणी ऐकायच्या खेळण्यांना कोणताही चार्जर चालतो, आणि माझ्या मुलीच्या डोक्यातल्या तारेला फक्त एका दुकानाची भाषा येते. वीस वर्षं मी खुल्या मानकांवर, म्हणजे एका कंपनीचं यंत्र दुसरीच्या यंत्राला चालावं यावर बोलतोय. लग्नाच्या पंगतीत, स्टेशनवर, मेहुण्याचा टीव्ही लावून देताना. 'उद्या कंपनी बुडाली तर?' हे माझं ठरलेलं वाक्य. सगळे हसायचे. आणि जिथं विचारायला पाहिजे होतं, तिथं ऑपरेशन फुकट होतंय म्हटल्यावर मी सही करून मोकळा झालो. दुसरा पर्याय नव्हताच म्हणा.

१२ सप्टें.

आज ऑफिसात चहाला अकाउंट्सचे काबरा भेटले. त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे भाषणच दिलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "साहेब, खुल्ला माल कोण विकंल? गिऱ्हाईक परत आलं न्हाई तर दुकान कसं चालंल? आपण काय करतो मंग?"

आपण म्हणजे आमची बियाण्यांची कंपनी. आमच्या हायब्रीडचं बी घरी धरून पेरलं तर पीक धड येत नाही, दर सालाला नवीन पाकीट घ्यावं लागतं. त्या पाकिटांचा सगळा हिशेब ज्या कॉम्प्युटरवर चालतो, तो सांभाळण्याचा मला पगार मिळतो. काबरांना वाईट वाटलं असावं, त्यांनी माझ्या चहाचे पैसे दिले.

१८ सप्टें.

दिवाळी अंकाच्या संपादकांचा दोनदा फोन. कथा कुठाय? कथा अर्धी पडलीय. माणसाच्या अंगात यंत्रं बसवतात आणि तो अंधारात पाहू लागतो, मैलावरचं ऐकू लागतो वगैरे. माझं हे नेहमीचंच. आज वाचली आणि किळस आली.

विज्ञानकथेत एक गोष्ट सर्रास चालते, ती मीही केलीय. नायक परग्रहावरच्या यानात शिरतो, आपल्या यंत्राची वायर त्यांच्या यंत्रात खुपसतो आणि चालतं! कोट्यवधी मैलांवरच्या जिवांची पिन आपल्या पिनेला बसते. इकडे एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची बसत नाही. आम्ही लेखकांनी यंत्रांचं बंड रंगवलं, पृथ्वीचा नाश रंगवला, आणि 'हे उत्पादन आता उपलब्ध नाही' हे वाक्य एकालाही सुचलं नाही.

रेवाने माझ्या मागून कथा वाचली. "पप्पा, तुमच्या माणसाची बॅटरी कधीच कशी संपत नाही?" तिचा आवाज हल्ली फार मोठा होतो. स्वतःचा स्वतःला ऐकू येत नाही. शेजारी खिडकीत आले.

संपादकांना नाही म्हणून कळवलं.

२३ सप्टें.

संभाजीनगरच्या ऑडिऑलॉजिस्ट मॅडमना फोन. रेवाच्या मशीनमध्ये आवाजाची मापं तिथंच भरून मिळतात, त्याला मॅप म्हणतात. प्रत्येकाचा मॅप वेगळा. एकाचा दुसऱ्याला लावला तर नुसता कलकलाट होतो, त्रासही होऊ शकतो. मॅडम म्हणाल्या, "ह्याच मॉडेलचं जुनं चालू मशीन कुठं मिळालं तर घेऊन या. आधीच्याचा मॅप पुसून रेवाचा टाकून देते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते सॉफ्टवेअर अजून चालतं. किती दिवस चालेल माहीत नाही."

जुनं कुठं मिळणार? मंग आठवलं. रेवाच्या ऑपरेशनच्या सरकारी शिबिरात, दवाखान्यात आमच्या शेजारच्या खाटेवर तीर्थपुरीचे रामेश्वर होते. त्यांची दीपाली तेव्हा दोन वर्षांची, तिलाही हेच मशीन बसवलं होतं. त्यांची पिठाची गिरणी आहे.

२५ सप्टें.

रामेश्वरांचा नंबर जुन्या फोनमध्ये सापडला. लगेच ओळखलं. "भाऊ, ते मशीन कवाच बंद पडलं. साताठ वर्षांची होती पोरगी. इथून संभाजीनगरला दोन-तीनदा गेल्तो, कंपनीचा माणूस म्हनला, पूर्ण सेट बदला. मंग ठेवून दिलं. पडूनच हाय. तुमच्या कामाला येत असंल तर घेऊन जा, पैशाचं नाव काढू नका."

मी विचारलं, बंद म्हणजे काय होतं? "वायर हलवली की चालू व्हायचं, सोडली की बंद."

वायर. म्हणजे फक्त वायर तुटली होती. माझ्या टेबलावर अर्ध्या तासाचं काम. फोन ठेवून ऑफिसच्या जिन्यात जाऊन बसलो. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांना एक फोन केला नाही.

२ ऑक्टो. दसरा

सकाळी रेवाचं मशीन कायमचं गेलं. दिवा लागत नाही. सोनं द्यायला लोक येत राहिले, रेवा आपट्याची पानं घेऊन सगळ्यांकडे पाहून हसत राहिली. कोण काय म्हणतं ते कळत नव्हतं. दुपारनंतर खोलीत गेली ती बाहेर आली नाही. वर्षा दाराशी उभी राहून हाका मारत होती, सवयीने. मग तिच्याच लक्षात आलं आणि दार ढकलून आत गेली.

५ ऑक्टो. रविवार

तीर्थपुरीला जाऊन आलो. एकटाच. रेवाची वायर बरोबर नेली होती, तपासायला. तिला तसं सांगून नेली.

गिरणी घरापुढेच. दीपालीच्या आईने, मीराताईंनी, देवघरातून डबी आणली. डबीवर ताजं हळदकुंकू, झेंडूची सुकलेली पाकळी. "दसऱ्याला गिरणीसंगं हिची बी पूजा करतोत," म्हणाल्या. "दर साली. वाटतं, कवा तरी चालू हुईल."

आत मशीन जसंच्या तसं. कोरडं, स्वच्छ, फडक्यात बांधलेलं. माझे सेल घातले, रेवाची वायर लावली. हिरवा दिवा लागला.

पण दिवा लागला म्हणजे आवाज जातो असं नाही. तपासायचं कसं? त्यात मॅप दीपालीचा आहे. हे एकाच माणसाच्या डोक्यावर लावून पाहता येतं. मी आधी याचा विचार केला नव्हता. खरंच केला नव्हता. आवाज अगदी कमी केला आणि मीराताईंना म्हटलं, तिला बोलवा.

दीपाली आली, हात पिठाने भरलेले. कधीतरी हे घालायची ते आठवत असावं, कारण केस स्वतःच बाजूला केले. मॅग्नेट चिकटला. गिरणी चालू होती. पोरीने दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि खाली बसली. मीराताई ओरडल्या, "अहो, बंद करा! जल्दी बंद करा!" रामेश्वरांनी पट्टा थांबवला.

मग शांत. दीपाली इकडेतिकडे पाहू लागली. जवळ पिठाचा पत्र्याचा डबा होता, त्यावर माप आपटलं. थांबली. परत आपटलं. हळू आपटलं, जोरात आपटलं. मग मीराताई मागून म्हणाल्या, "दिपू," आणि ती वळली.

शब्द कळला असेल की नुसता आवाज, सांगता येत नाही. पण वळली. रामेश्वर तोंड फिरवून गिरणीच्या पट्ट्याशी काहीतरी करू लागले.

डबा वाजतच होता. शेवटी रामेश्वरच म्हणाले, "भाऊ, चालतंय बराबर. घेऊन जा. हिची शाळा सुटली, आता हिला काय उपेग? तुमची पोर शिकून राह्यली." मीराताईंनी रिकाम्या फडक्याची घडी केली.

मशीन मीच काढलं. माझ्याच हाताने, तिच्या कानामागून. तिने अडवलं नाही. मी वरचा दिवा तपासायला काढतोय असं तिला वाटलं असावं, कारण हात पुढे करून उभी राहिली, परत मिळायची वाट बघत.

मोटारसायकलवर रडलो. लिहून ठेवतो, कारण उद्या मी रडलो नव्हतो असं मला वाटू लागेल.

६ ऑक्टो.

रेवाला एवढंच सांगितलं: मिळालं, चालू आहे. तिने मला घट्ट मिठी मारली. मॅडमनी १५ तारीख दिली. तोवर घालायचं नाही, मॅप दुसऱ्याचा आहे, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वहीत लिहून विचारलं, "त्या मुलीला नको होतं का?" मी लिहिलं, "पडून होतं." खोटं नाही हे.

१० ऑक्टो.

डोक्यात दिवसभर तेच. मॅडम मॅप पुसतील. मॅडमना फोन करून विचारलं, इतक्या वर्षांनी परत लावलं तर त्या मुलीला बोलणं समजेल का? "सांगता येत नाही. पुष्कळ सराव करून घ्यावा लागेल. काही मुलांना समजतं." काही मुलांना. त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

रेवाचं एक वर्ष, बारावी, पुढचं सगळं. दीपालीचा पत्र्याचा डबा. हे तराजूत घालायला मला कोणी बसवलं? ज्यांनी ते चिपवरचे नंबर खरवडले ते कुठंतरी एसीत बसून पुढच्या मॉडेलची जाहिरात करत असतील. आणि दोन बाप तीर्थपुरीत एकमेकांसमोर मान खाली घालून.

वर्षाला सगळं सांगितलं. आजवर सांगितलं नव्हतं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "रेवाला सांगू नका. तुम्हाला माहितीय ती काय करील. मला वाईट म्हणा, चालेल. माझी पोरगी बिलकुल बोलायची बंद झालीय हो घरात."

खरंय. रेवाला कळलं तर ती स्वतः गाडीत बसून परत देऊन येईल.

१४ ऑक्टो.

ऑफिसात असताना मीराताईंचा फोन. आधी सगळ्यांची खुशाली विचारली. मग म्हणाल्या, "तुमी नेलं त्याचं काय न्हाई, भाऊ. आमी दिलं ते दिलं. पण पोरगी रोज डबा आणून माझ्यापुढं बडवून राह्यली. कानामागं बोट दाखवून राह्यली. तिला वाटतं मीच लपवून ठेवलं. माझ्यासंगं जेवती बी न्हाई. तिला काय सांगावं, तेवढं सांगा."

मी म्हटलं, संध्याकाळी फोन करतो. संध्याकाळ होऊन गेली.

उद्या सकाळची गाडी. वर्षाने डबा काय द्यायचा ते ठरवलंय. रेवाने मशीन पुसून, नवे सेल वेगळे बांधून ठेवलेत. आत्ता ती खोलीतून आली, माझ्यासमोर मशीन धरलं आणि त्या मोठ्या आवाजात विचारलं, "पप्पा, ह्याच्यात मॅप तिचा आहे. मग हे चालू आहे, हे तुम्ही कुणाला लावून बघितलं?"

वर्षा स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघतेय. मी वही ओढून लिहायचं सोंग करतोय. रेवा अजून समोर उभी आहे, माझ्या ओठांकडे बघत.