उपकारांची वही

४ फेब्रुवारी

शी! गुलाबी वही. वर हसणारा सूर्य. समुपदेशक बाईंनी दिली — ज्यांच्याबद्दल आभार मानावेसे वाटतात अशा तीन गोष्टी रोज लिहायच्या. मनाला बरं वाटतं म्हणे. वही बघून त्या सही करणार, मग मी परत लाँड्रीत कामावर.

सतरा वर्षं रुग्णालयाच्या चादरी धुतल्या. रक्त, पू, ओकारी — कधी नाक मुरडलं नाही. आणि या सूर्याकडे बघून मळमळतंय! असो. गुलाबी वही तिकडे, ही जुनी इकडे. तिकडे गोड, इकडे खरं.

५ फेब्रुवारी

लिहिलं. एक, ताईने घरात ठेवून घेतलं. दोन, ताईने जेवू घातलं. तीन, भाऊजींनी माझ्या खोलीतला पंखा दुरुस्त केला.

लिहून झाल्यावर हात साबणाने धुतले.

६ फेब्रुवारी

तीन ओळी. तोंड कडू.

८ फेब्रुवारी

ताई फोनवर, वरच्या मजल्यावरच्या बाईशी — "चार महिने झाले, आमच्याकडेच आहे. अंघोळीलासुद्धा ढकलावं लागतं."

माझ्या अंघोळीची दवंडी! मी बाथरूममध्येच होते, शब्दन्‌शब्द ऐकला. दार धड लागतच नाही, आतून कडी नाही. ऑक्टोबरात मी कडी लावून आत बसले होते — परत बाहेर यायचंच नाही असं ठरवून. भाऊजींनी धक्के मारून दार उघडलं, कडी उचकटली. तेव्हापासून तिथे नुसती चार भोकं. अख्ख्या इमारतीची कुलपं दुरुस्त करतात, पण घरच्या कडीला चार महिन्यांत वेळ मिळत नाही! मी एक पाय दाराला लावून अंघोळ करते. स्वतःचीच किळस येते.

१० फेब्रुवारी

वरची बाई आज दोनदा. ताई कामावर गेली रे गेली की हिची साखर संपते. अकराला साखर, तीनला काडेपेटी. दारातून आत डोकावते, मला काहीतरी विचारते, मी उत्तर दिलं की जाते. एवढी साखर नेते, तरी चेहरा आंबट. चोंबडी!

१२ फेब्रुवारी

समुपदेशक बाईंनी वही बघितली. सही नाही.

"मी आभार म्हटलं होतं. तुम्ही रोज वर 'आजचे उपकार' लिहिलंय."

खरंच की. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. म्हटलं, त्यात काय, एकच.

"आभार मानतात," त्या म्हणाल्या. "उपकारांचं काय करतात?"

"फेडतात."

बाईंनी वही मिटून परत दिली. पुढच्या आठवड्यात या, एवढंच. एका शब्दासाठी माझं काम अडवलं! वही पिशवीत कोंबली आणि पाय आपटत घरी आले.

१३ फेब्रुवारी

सकाळी ठरवलं, कडी मीच आणून बसवणार. कुणाचे उपकार नकोत. पेचकस शोधायला भाऊजींचा खण उघडला. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली कडी. कोरी, स्क्रूसकट. वर्तमानपत्र ऑक्टोबरचं.

संध्याकाळी ताई आली, तशी कडी तिच्यापुढे आपटली. तिने ती उचलून परत वर्तमानपत्रात गुंडाळली.

"दुसऱ्याच दिवशी आणली होती त्यांनी. बसवायचा धीर होत नाही गं."

मग वरच्या बाईचंही बाहेर आलं. साखर तिच्याकडे डबाभर आहे. ताईनेच तिला गळ घातलीय — मी कामावर असताना दोनदा बेल वाजव, हिचा आवाज ऐक आणि मला कळव.

मी कडीवर चिडले होते, साखरेवर चिडले होते. आता तो राग कुठे ठेवू? ताईचं तोंड चार महिन्यांत पहिल्यांदा नीट बघितलं. किती वाळलीय. वरचं 'चोंबडी' मात्र खोडणार नाही. आहेच ती!

१५ फेब्रुवारी

गुलाबी वहीत काही लिहिलं नाही. 'उपकार' तेवढे खोडत बसले, पान-पान.

१६ फेब्रुवारी

भाऊजींनी कडी बसवली. लावून बघ म्हणाले. मी आत गेले, लावली. बाहेर दोघंही गप्प.

"आहे गं ताई," मी म्हणाले.

कडी काढली आणि बाहेर आले.