अनसेल्मुला, सभेबद्दल

विला दा रोशा, अझोर्स
९ मार्च २०१७

प्रिय अनसेल्मु,

बरा आहेस ना? तिकडे अमेरिकेत, न्यू बेडफर्डला अजून बर्फ असेल, मासे साफ करताना हात गारठत असतील. इथे सगळे ठीक. आईला जाऊन वर्ष झालं, रविवारी तिच्यासाठी प्रार्थना झाली. पाद्रीबाबांनी तुझंही नाव घेतलं.

अमेरिकन हवाई तळावरच्या त्या सभेत मी कर्नलसाहेबांची दुभाषी होते म्हणून तू दोन वर्षं माझ्याशी अबोला धरलास, असं गाव समजतं. मीही समजू दिलं.

साहेब म्हणाले होते, "वॉशिंग्टन आणि लिस्बनची मैत्री आहे तशीच राहील. तळावरची चारशे माणसं मात्र कमी होतील." मी तेच पोर्तुगीजमध्ये सांगितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "अगं पोपटीण, मैत्री शिजवून खायची का?" सगळे हसले. तू नाही. एकोणीस वर्षं त्यांच्या विमानांच्या आगी विझवत आलेला तू, टोपी मांडीवर धरून नुसता माझ्याकडे बघत होतास.

अनसेल्मु, मला तीन आठवडे आधीच माहीत होतं. लिस्बनचे अधिकारी आले तेव्हा बंद दाराआड मीच दुभाषी होते. आपल्या माणसाने दोन वर्षांची मुदत मागितली. अमेरिकन म्हणाला, "ठरलंय." मग दोघांनी कॉफी घेतली. बाहेर बोलणार नाही अशी सही माझ्याकडून घेतली होती.

त्याच आठवड्यात तू माझ्या स्वयंपाकघरात आलास. "ताई, बंदरात टगबोटीवर जागा आहे. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. जाऊ का?"

मी म्हणाले, "वेडा आहेस का? तळावरची नोकरी कुणी सोडतं?"

"तुझं तू बघ" एवढं म्हणाले असते तरी पुरलं असतं. सहीचं निमित्त मी स्वतःला खूप दिलं. खरं म्हणजे, तू नोकरी सोडलीस तर बहिणीनेच फोडलं म्हणतील, आणि माझी जागा जाईल, याची भीती वाटली. ती जागा अजून आहे.

आईने तिच्या शेवटच्या आठवड्यात विचारलं, "दुल्से, तुला आधी ठाऊक होतं का गं?"

"नाही, आई."

"मग पोरगा उगाच रुसलाय," म्हणाली आणि माझा हात थोपटला.

तू उगाच रुसला नव्हतास. हे तिच्या कानावर घालायचं राहून गेलं. उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिणार होते, पण आता आणखी खोटं नको. अपेक्षा आहे.

अजून ताई म्हणणार असशील तर तुझी ताई, नाहीतर नुसती
दुल्से