भिंतीपलीकडची बाळं

४ मार्च २०२४
नात झाली! काल सकाळी. नाकेली आहे, आमच्या ह्यांच्यावर गेली. ह्यांना बघायला मिळायला हवी होती.

इथे हॉलंडात बाळ झालं की टोस्टवर बडीशेप घालून वाटतात, गुलाबी साखर चढवलेली — म्हणजे बाळंतिणीला बडीशेप यांनाही कळते!

श्रीकांत म्हणाला, "आई, तीन दिवसांत गेमेन्टेत नाव नोंदवायचं." बारशाआधी? म्हटलं, "तुझ्या पालिकेला म्हणावं, बारा दिवस दम धर." हसला. "आणि कानात नाव सांगायला आत्या कुठून आणू? मला बहीण कुठाय?"

होती रे. तुझ्या आधी. नऊ दिवसांची होऊन गेली. त्याला कधी सांगितलं नाही.

६ मार्च
नाव नोंदवलं — ऋजुता. सुनेला, आसावरीला बजावलंय, बारशापर्यंत उच्चारायचं नाही!

८ मार्च
श्रीकांतने कोपऱ्यावरचं जुनं चर्च दाखवलं. मी सवयीने दाराशी चपला काढल्या! किल्ल्या सांभाळणारी विलेमीनबाई, ऐंशीची, सायकलवर हिंडते, म्हणे गारठाल, घाला. पण फरशी म्हणजे सगळ्या समाध्याच, पाय कसा देऊ? कडेकडेने चालले. गावाचा इतिहास तिला तोंडपाठ. मनोरा दोनदा जळाला. जुनी घंटा लढाईत जर्मनांनी नेली. ती बोलायची, श्रीकांत मराठीत सांगायचा.

मग मागची भिंत दाखवली. पलीकडे नुसतं गवत. बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळं तिथे पुरायचे, आतल्या पवित्र जमिनीत त्यांना जागा नाही. बाप एकटाच खोकं घेऊन जायचा. आईला जागा सांगायचे नाहीत. चर्चच्या वहीत नाव नाही, नुसतं बापाचं: ‘कोर्नेलिसचं मूल’.

"माझा भाऊ तिथे आहे," म्हणाली. "आई मरेपर्यंत खिडकीतून इकडे बघायची."

आमच्यात तरी वेगळं काय? बारसं नाही, म्हणून नाव नाही. हे आणि थोरले दीर तिला घेऊन ओढ्याकडे गेले. मी उंबऱ्याशी. सासूबाई म्हणाल्या, "पुढचं होईल, पदर आवळून घे." जागा मी कधी विचारली नाही. अडतीस वर्षं!

११ मार्च
श्रीकांतला सांगू? पण बाळंतिणीच्या घरात गेलेल्या बाळाचं काढू नये म्हणतात.

१३ मार्च
आज सांगणारच होते. तोंड उघडलं, तर हा म्हणतो, "आई, घुगऱ्यांना हरभरे किती भिजवू?" म्हटलं, किलोभर. झालं! राहिलंच.

१४ मार्च
बारसं झालं. आत्या नाही म्हणून कानाशी मीच वाकले, तर श्रीकांत म्हणाला, "थांब आई. मंजूषाआत्याच्या वतीने मी सांगतो."

"कोण मंजूषा?"

"माझी ताई. बाबा दवाखान्यात होते तेव्हा बोलले. नाव त्यांनीच ठेवलं होतं. दरवर्षी ओढ्यावर जायचे. म्हणाले, आईजवळ काढू नकोस, तिला सोसायचं नाही. म्हणून त्या दिवशी बहीण कुठाय म्हणालो, पण आज राहवलं नाही."

नाव होतं माझ्या मुलीला.